बघायचे पैसे

जुनी गाडी गॅरेजात आली की मालकाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. काय झालंय, आणि किती लागतील? पहिल्याचं उत्तर शोधायला कधी कधी अख्खा दिवस जातो, आणि तो दिवस दुसऱ्या उत्तरात धरायचा नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. पार्टचे पैसे द्यायला फारसं कोणी कुरकुरत नाही. पार्ट हातात धरता येतो, त्याचा खोका असतो, बिल असतं. नुसतं बघितल्याचे पैसे मागितले की गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो. शहाद्यात गॅरेज चालवून माझं एक मत पक्कं झालंय: सेकंडहँड गाड्यांत जी लुबाडणूक होते, तिच्यातली बरीचशी आपल्या ह्याच चिकटपणावर जगते.

अलीकडे आमच्याकडे जुन्या स्पोर्ट्स कारचं वेड आलंय. फेरारी-पोर्शेचं म्हणत नाही. आमच्या भागातली स्पोर्ट्स कार म्हणजे रांजणगावला बनलेली फियाटची अबार्थ पुंटो, चाकणची पोलो जीटी किंवा शेंद्र्याला जुळवलेली जुनी ऑक्टाव्हिया आरएस. अबार्थ २०१५ साली आली तेव्हा १४५ अश्वशक्तीची ही गाडी दहा लाखांच्या आसपास मिळायची. आज तिन्हींपैकी एकही नवी मिळत नाही, आणि फियाटने तर इथे गाड्या विकणंच थांबवलं. म्हणून त्या स्वस्त मिळतात. पपईचा किंवा मिरचीचा हंगाम साधला की घरातला पोरगा सुरत-बडोद्याची वाट धरतो आणि जीजे पासिंगची टर्बो गाडी घेऊन येतो. फॉर्म २८ ची एनओसी आली, एमएच-३९ ची पाटी लागली, की घरच्यांच्या दृष्टीने गाडी पास झाली. रंग नवा, टायर काळेभोर, आत अत्तराचा वास.

सारंगखेड्याच्या जत्रेत हाच पोरगा घोडा घ्यायला गेला असता तर बापाला, काकाला आणि एखाद्या जाणत्याला सोबत घेऊन गेला असता. दात बघितले असते, भोवरे बघितले असते, घोडा पळवून चाल बघितली असती. गाडी मात्र तो मोबाइलवरचे फोटो बघून घेतो.

पावसाळा संपता संपता असाच एक जण आला. लाल रंगाची टर्बो पेट्रोल गाडी. तोरणमाळला जाताना सातपायरी घाटात तिसऱ्या गिअरवर दाबली की इंजिनात खडखड. रात्री हेडलाइट लावले की मीटरचे दिवे फडफडतात, काच वर चढता चढता मंदावते. इंजिनाचा पिवळा दिवा मनात आलं की लागतो, मनात आलं की जातो. मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपने प्लग बदलले, बॅटरी बदलली, नॉक सेन्सर बदलला, आणि शेवटी सांगितलं की इंजिन खोलावं लागेल. आकडा लाखाच्या पुढचा. पोरगं रडवेलं झालं होतं. "मिस्तरी, इंजिन बसनं का?" एवढंच विचारत होतं.

इंजिनाचा आवाज म्हणजे काही एकच आवाज नसतो, आणि लोकांना इथेच फसवलं जातं. सकाळी थंड इंजिनावर टिकटिक येते आणि गरम झाल्यावर विरते, ती बहुतेक वेळा टॅपेटची किंवा पिस्टनच्या ढिलाईची. पहिला गिअर टाकताना एकदाच धप्प होतं, तो इंजिनाचा माउंट. एक्झॉस्टच्या जोडातून गॅस निसटला तरी अगदी टॅपेटसारखंच वाजतं आणि चांगले चांगले चकतात. कनेक्टिंग रॉडचं बेरिंग गेलं असेल तर आवाज खोल, जड, ठोक्यासारखा येतो. इंजिन तापून ऑइल पातळ झालं की तो वाढतो आणि गाडी जागेवर उभी करून रेस केली तरी येतो. घाटातली खडखड वेगळी. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीने रीतसर पेटून ज्वाळा पुढे सरकत असते. तेवढ्यात कोपऱ्यात उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपणच भडकतं. त्या धक्क्याचा हा आवाज. इंजिनावर ओझं असतं तेव्हाच तो येतो आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गप्प होतो.

ह्या गाडीचा आवाज पाय काढला की गप्प. उभी ठेवून रेस केली, काही नाही. तरी एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून ऐकलं, कारण बेरिंगचा ठोका असेल तर तो सिलिंडर बंद केल्यावर उतरतो. ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढून उन्हात धरलं. धातूची चमक नव्हती. ऑइल मात्र भलतंच जाड होतं. आवाज दबावा म्हणून विक्रीआधी असं जाड ऑइल भरायची चाल जुनी आहे, आणि टर्बोच्या बारीक वाटांना ते मुळीच सोसत नाही. बेरिंग शाबूत होतं. म्हणजे इंजिन खोलायचं कारणच उरलं नाही.

मग मल्टिमीटर घेतला. त्याची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि पोराला स्टार्टर मारायला सांगितला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा दिसायला हवा. दिसला एकाच्या वर. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी शोधली, तर तिच्या बोल्टखाली रंग. गाडी विकण्यासाठी रंगवताना पट्टी सोडवली होती आणि ओल्या-सुक्या रंगावरच परत आवळली होती. करंटला परतीची वाट नीट मिळाली नाही की तो आडवाटांनी जातो, आणि मग दिवे फडफडतात, काचा मंदावतात, सेन्सरचे आकडे डळमळतात. नवी बॅटरी टाकून ह्यात काय फरक पडणार? नव्या नॉक सेन्सरचीही तीच गत. हा सेन्सर म्हणजे इंजिनाचा कान. खडखड ऐकली की तो कंप्युटरला कळवतो आणि कंप्युटर ठिणगी जरा उशिरा टाकतो. त्याची बैठक स्वच्छ धातूवर लागते आणि बोल्टचा पीळही ठरलेला असतो, बऱ्याच गाड्यांत २० न्यूटन-मीटरच्या आसपास. इथे गंज न घासता तो मन मानेल तसा पिळला होता. पुढे इंटरकूलरच्या जाळीत चिखल आणि किडे बसून हवा गरम जात होती, तेही खडखडीला निमंत्रणच. पट्टी घासली, सेन्सर काढून नीट बसवला, जाळी धुतली, योग्य ऑइल भरलं. गाडी घाट चढली.

मजुरी सांगितली तेव्हा पोरगा म्हणाला, "पण नवीन काहीच नाही टाकलं ना, भाऊ?"

ह्याच पोराने न लागणाऱ्या पार्टना हजारो रुपये मुकाट्याने मोजले होते. मी त्याला दोष देत नाही, त्याने बापाच्या दुकानात, शेतात, बाजारात हाच हिशेब पाहिला आहे. पण ह्याचा परिणाम काय होतो तो बघा. शोधायचे पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर मेकॅनिक शोधणं सोडतो आणि बदलायला लागतो. स्कॅनर लावला, पी ०३२५ असा कोड आला, की सेन्सर बदलला. वास्तविक त्या कोडचा अर्थ नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड, एवढाच आहे. सर्किटात वायर येते, कनेक्टर येतो, अर्थिंग येतं. स्कॅनर गल्ली दाखवतो, घर आपल्यालाच शोधावं लागतं.

आणि स्कॅनरला गप्पही करता येतं. २०१३ पासूनच्या गाड्यांत ओबीडी-२, म्हणजे दोषांचे कोड नोंदवणारी यंत्रणा, आहे. हजार रुपयांच्या आतबाहेरची ब्लूटूथ क्लिप लावून दलाल व्यवहाराच्या सकाळी सगळे कोड पुसतो. पण पुसल्याचा माग राहतो. गाडीचा कंप्युटर स्वतःच्या चाचण्या परत पहिल्यापासून घ्यायला लागतो, आणि पुरेसं चालवेपर्यंत स्कॅनरवर त्या अपूर्ण दिसतात. कोड एकही नाही आणि चाचण्या सगळ्या अपूर्ण, असं दिसलं की समजावं, कोणीतरी नुकतीच पाटी पुसली आहे किंवा बॅटरी काढली आहे. पुराच्या गाडीचंही तसंच. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोदा विश्वामित्रीच्या पाण्यात गेलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. सीट धुता येते, पण कार्पेटखालच्या कनेक्टरातला हिरवा गंज कोण धुणार? तो बघायला कार्पेट उचलावं लागतं, आणि उचलायचे पैसे कोणी देत नाही.

सध्या तर सगळ्या पापांचं खापर ई-२० वर, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फुटतं. गाडी खडखडली, ई-२०. दिवा लागला, ई-२०. ऊस पिकवणाऱ्या शहादा तालुक्यात ही तक्रार ऐकताना गंमत वाटते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज घटतं हे खरं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरली आहे. जुन्या रबरी नळ्यांची भीतीही खोटी नाही. पण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, ते खडखड रोखतं. खडखडीचं कारण म्हणून ई-२० सांगणाऱ्याने बहुधा बॉनेट उघडलेलंच नसतं.

सगळा दोष गिऱ्हाइकावर टाकून मला मोकळं व्हायचं नाही. शोधायची इच्छा असली तरी छोट्या गावातल्या मेकॅनिकला वायरिंगचा नकाशा मिळत नाही, कंपनीचं सॉफ्टवेअर मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता तो ह्याच कारणासाठी: सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. आमच्या बाकावर मात्र आजही नकाशा येतो तो कुठल्यातरी मित्राने मोबाइलवर पाठवलेला, अर्धा धूसर. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, गाडी कुठे फिरवली त्याची नोंद ठेवावी लागते. चांगलं आहे. पण हा नियम कागदांची काळजी घेतो, इंजिनाची नाही. डीलरने विक्रीच्या दिवशीचा स्कॅन रिपोर्ट, चाचण्या पूर्ण झालेल्या अवस्थेतला, सहीशिक्क्यासह द्यावा, एवढी एक ओळ त्यात घालायला काय हरकत आहे? गाडी पुरात बुडाली असेल तर तेही त्यावर असावं. आणि आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना पाना धरायला शिकवतो तितक्याच निगुतीने मल्टिमीटर धरायला शिकवावं. नंदुरबारची मुलं हुशार आहेत, ट्रॅक्टरच्या वायरिंगवर त्यांचे हात आधीच बसलेले असतात.

सरकार करील तेव्हा करील. तोवर जुनी गाडी बघायला जाल तेव्हा आपला मिस्तरी सोबत न्या. इंजिन थंड असताना पोहोचा, डीलरने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. चढावर चालवून बघा, म्युझिक बंद ठेवून. कार्पेट उचलू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. आणि मिस्तरीने 'घेऊ नका' सांगितलं, तुम्ही गाडी न घेता रिकाम्या हाताने परत आलात, तरी त्याच्या दिवसाची मजुरी त्याला त्याच संध्याकाळी द्या.