स्क्रू न काढता लॅपटॉपची मेमरी कशी ओळखावी?



बैल घ्यायचा झाला तर आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो, चार जाणत्यांना विचारतो आणि मगच पैसे मोजतो. मुलामुलींच्या कॉलेजसाठी जुना लॅपटॉप घेताना मात्र विकणारा सांगेल तो आकडा खरा मानून घरी येतो. कांद्याचे नाही तर दुधाचे साठवलेले पैसे त्यात जातात. ‘आठ’ म्हणून घेतलेल्या यंत्रात चारच निघाले, तर पोरांचा अभ्यास अडतो आणि पैसेही अडकतात. ही फसगत टाळायला यंत्र खोलावे लागत नाही. पाच मिनिटांचे काम आहे.

आधी दोन आकड्यांतला फरक ध्यानात घ्या. २५६ किंवा ५१२ जीबी हा साठवणीचा आकडा. ती घरातली कणगी. भरलेले आत राहते. ४, ८ किंवा १६ जीबी हा रॅमचा, म्हणजे मेमरीचा आकडा. ते खळे. चालू काम तिथे पसरायचे. खळे लहान असले की थोड्याच पेंढ्या मावतात आणि काम खोळंबते. यंत्र बंद केले की हे खळे झाडल्यासारखे रिकामे होते. ‘मेमरी ५१२ आहे’ असे कोणी म्हणाले, तर तो कणगी दाखवतो आहे असे समजा आणि खळ्याचे विचारा.

आता पाहण्याची रीत. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोजची खूण असलेले बटण आणि ‘आय’ हे अक्षर एकदम दाबा. सेटिंग्ज उघडेल. त्यात सिस्टिम आणि खाली अबाऊट. तिथे ‘इन्स्टॉल्ड रॅम’ या शब्दांपुढे आकडा असतो. ८ च्या शेजारी ‘७.८ वापरण्याजोगी’ अशा अर्थाचे काही दिसले तर घाबरू नका. थोडी मेमरी पडद्यावरील चित्रासाठी राखलेली असते. परंतु बसवलेली ८ आणि वापरण्याजोगी जेमतेम ३ असे दिसले, तर बहुधा आत ३२ बिटचे विंडोज आहे. ते ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरू शकत नाही. ते बदलून मागा.

दुसरी रीत अधिक सांगते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. लहान चौकट आली तर ‘मोअर डिटेल्स’ दाबा. मग परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी. वरच्या कोपऱ्यात एकूण मेमरी दिसते. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ पुढे ‘२ पैकी १’ अशा अर्थाचे लिहिले असेल, तर एक खाच रिकामी असण्याचा संभव आहे. पुढे पैसे हाती आल्यावर मेमरी वाढवता येईल. मात्र काही लॅपटॉपांत मेमरी पट्टीवरच डाखलेली असते आणि हा आकडा फसवा ठरतो. म्हणून मॉडेलचा क्रमांक टिपून जाणकाराला विचारा.

ॲपलचा लॅपटॉप असेल तर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातील सफरचंद दाबून ‘अबाऊट धिस मॅक’ पाहा. २०२० पासून आलेल्या एम जातीच्या चिपच्या यंत्रांत मेमरी मागाहून वाढवता येत नाही. घेतानाच पुरेशी घ्या.

किती हवी? विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, पण तेवढ्यात ओढाताण होते. अभ्यासाला ८ बरी. विंडोज १० ला मिळणारी कंपनीची नेहमीची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, तेव्हा यंत्रावर ११ चालते का, हेही विचारून घ्या.

शेवटची गोष्ट. ‘आत्ता चार्जर नाही, घरी लावून बघा’ असे म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. झाकणावरच्या चिकटपट्टीवरही विसंबू नका. यंत्र समोर चालू करून आकडा स्वतः वाचा, घरातल्या शिकत्या मुलीला वाचायला लावा. मग पावतीवर मॉडेल, क्रमांक आणि रॅम किती, हे लिहून घ्या. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, कागद घरात राहतो.