आरोग्यसेविकेचा रक्तदाब कोण मोजणार?

दरवर्षी २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन येतो. मीठ कमी खा, तंबाखू सोडा, रोज चाला, असा उपदेश रुग्णालयांच्या भिंतींवरून नागरिकांना केला जातो. तो योग्यच आहे. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातील सुमारे ३४ टक्के मुंबईकरांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले होते. परंतु हा उपदेश करणाऱ्यांच्या हृदयाची चिंता कोण वाहतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

घाटकोपर-मुलुंडच्या टेकड्यांवरील वस्त्यांतून, अंधेरी-बोरिवलीच्या चाळींतून मानधनावरील आरोग्यसेविका दारोदार हिंडते आणि तिशी ओलांडलेल्यांना तपासणीस धाडते. राजावाडी वा कूपरसारख्या रुग्णालयातील परिचारिका रात्रपाळी संपवून घरी पोहोचते, ती घरकामाला जुंपून घेण्यासाठीच. दोघींचेही जेवण अवेळी. कित्येकदा वडापाव आणि गोड चहा यांवरच भागते. या स्त्रिया अज्ञानी आहेत काय? मुळीच नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको, हे त्याच इतरांना सांगत असतात.

मग ज्ञान असूनही आचरण का घडत नाही? या बाबतीत दोन अनुभव उद्बोधक आहेत. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच धूम्रपानाचा अभ्यास आरंभिला. आपल्याच व्यवसायबंधूंच्या मृत्यूंचे आकडे पुढे येताच असंख्य डॉक्टरांनी सिगारेट सोडली. तेथे शिक्षण पुरेसे ठरले, कारण सिगारेट टाकणे ज्याच्या त्याच्या हाती होते. उलट, अमेरिकेत १९७६ मध्ये एक लाखाहून अधिक परिचारिकांचा जो प्रदीर्घ अभ्यास सुरू झाला, त्यात वर्षानुवर्षे फिरती रात्रपाळी करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे १९९५ मध्ये दिसून आले. पाळी बदलणे परिचारिकेच्या हाती नसते. ते प्रशासनाच्या हाती असते.

म्हणूनच आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी हृदयरोग-प्रतिबंधाचे शिक्षण द्यावयाचे, तर त्याचा पहिला धडा अधिकाऱ्यांनी गिरवावयास हवा. प्रत्येक कर्मचाऱ्याचा, मग तो कायम असो वा मानधनावरील, रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा कामाच्या वेळेतच तपासले जावे. रात्रपाळ्या लागोपाठ लादल्या जाऊ नयेत. रुग्णालयाच्या उपाहारगृहात रात्रीही पोळी-भाजी मिळावी. यांपैकी कोणत्याही गोष्टीला नवी यंत्रसामग्री लागत नाही. रक्तदाब मोजण्याचा पट्टा तर प्रत्येक दवाखान्यात असतोच.

चाळीतील रहिवासी आरोग्यसेविकेचे शब्द ऐकतो, तसा तिचा चेहराही वाचतो. धापा टाकीत जिना चढणाऱ्या सेविकेने चालण्याचे महत्त्व सांगावे आणि ते पटावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. येत्या हृदय दिनी महापालिकेने नागरिकांसाठी शिबिरे अवश्य भरवावीत. मात्र रांगेतील पहिला मान आपल्या कर्मचाऱ्यांना द्यावा.