संयम म्हणजे थंडपणा काय?

जॅझ संगीतांतील ‘कूल’ संप्रदायावर एक ठराविक आरोप केला जातो : हें संगीत मेंदूचें आहे, हृदयाचें नव्हे. ‘मॉडर्न जॅझ क्वार्टेट’ या चार कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांच्या वांट्यास तर याहून बोचरा आक्षेप आला. औपचारिक काळा पोशाख करून सभागृहांत वाजविणारे, बाखच्या पद्धतीनें सुरावटी एकमेकींत गुंफणारे हे लोक आपलें संगीत टाकून गोऱ्यांच्या पंक्तीस बसूं पाहतात, असा त्याचा मथितार्थ. हा आक्षेप मला नुसता चुकीचा नव्हे, अपमानकारक वाटतो.

१९५३ ते १९५५ या काळांत ध्वनिमुद्रित झालेली त्यांची ‘जँगो’ ही तबकडी आक्षेपकांनीं एकवार स्वस्थ चित्तानें ऐकावी. तिच्या आरंभींची रचना जॉन लुइस यानें १९५३ सालीं निवर्तलेल्या जँगो राइनहार्ट या रोमा गिटारवादकाच्या स्मरणार्थ केली. प्रथम अंत्ययात्रेच्या पावलांनीं जाणारी संथ सुरावट; मग लय वाढते आणि मिल्ट जॅक्सनचा व्हायब्राफोन बोलूं लागतो. या वाद्याच्या धातूच्या पट्ट्यांखालीं नळ्या असतात, नळ्यांच्या तोंडाशीं विजेनें फिरणाऱ्या चकत्या. त्यांमुळें सुरास कंप येतो. जॅक्सननें हें फिरणें मुद्दाम मंद ठेविलें, आणि यंत्राच्या सुरांत माणसाच्या गळ्याचें आंदोलन आणलें. आंदोलन म्हणजे काय हें आपल्याकडील श्रोत्यांस सांगावयास नको! शोक आक्रोशानेंच व्यक्त होतो असें मानणाऱ्यांस मात्र तें ऐकूं येणार नाहीं.

बरें, हे लोक मूळचेच थंड म्हणावे, तर लुइस, जॅक्सन आणि ड्रमवादक केनी क्लार्क हे तिघेही डिझी गिलेस्पीच्या १९४६ च्या वाद्यवृंदांतले. बीबॉपच्या त्या भट्टींतून निघालेले. कृष्णवर्णीयानें घामाघूम होऊन वाजविलें तरच तें अस्सल, ही अपेक्षा मुळांत कोणाची? मद्यगृहांत पैसे टाकून करमणूक विकत घेणाऱ्याची! लुइसला सभागृह हवें होतें तें आपल्या कलेस शांतता आणि मान मिळावा म्हणून.

सर्वच रचना सारख्या साधल्या आहेत असें नाहीं. ‘द क्वीन्स फॅन्सी’मध्यें दरबारी शिष्टाचार अंमळ अधिक झाला आहे. क्लार्कनें १९५५ सालीं हा संच सोडला, हेंहि विरोधक हटकून सांगतात. सोडला खरा; पण ‘जँगो’ची लय सांभाळणारे हात त्याचेच आहेत.