अर्धें राहिलेलें वीजकाम

लातुरास आमच्या भावजींनीं घर बांधलें. वीजकाम ओळखीच्या ठेकेदाराकडे दिलें. ओळखीमुळें करारनामा झाला नाहीं, आणि पैसे मात्र बहुतेक आधींच गेले. पुढें गृहस्थ फिरकेनात. तारा भिंतींतून लोंबत होत्या, न्हाणीघराचें अर्थिंग जोडलेलेंच नव्हतें. एके दिवशीं ओल्या हातानें बटण दाबतांना सासूबाईंना झटका बसला, थोडक्यांत निभावलें.

भावजी लागलीच दुसरा वायरमन बोलावण्यास निघाले. मीं नांदेडहून फोनवर त्यांना थांबविलें. धोक्याची लाइन मेन स्विचपासून तोडावी, हें खरेंच. परंतु बाकीच्या कामास परका हात लागण्यापूर्वीं फोटो काढून ठेवावे, व काय काय अपुरें आहे त्याची यादी एखाद्या परवानाधारक जाणकाराकडून सहीनिशीं घ्यावी. एकदां दुरुस्ती झाली, कीं पहिल्यानें काय सोडलें हें सिद्ध करणार कसें?

मग १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टानें नोटीस धाडली. मामंजींना तें रुचेना. ओळखीच्या माणसास नोटीस? (ओळख त्यानें कोठें राखली होती, हें मीं मनांतच म्हटलें.) काम न झाल्यास लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊं, एवढेंच तींत होतें. २०१९ च्या कायद्यानें तक्रारदार राहतो तेथेंच तक्रार करतां येते. मुदत २ वर्षांची, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं. पैसे दिल्याची बँकेंतील नोंद व फोनवरील निरोप मात्र जपलेले हवेत.

नवव्या दिवशीं ठेकेदार माणसें घेऊन हजर झाला. उरलेले पैसे भावजींनीं अर्थिंगची चांचणी समक्ष पाहून मगच दिले.