दोन पेट्या, पण जहाज एकच



गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात एक फार चांगली गोष्ट सुरू झाली आहे. जुने फोटो, आजी-आजोबांच्या केतुबा, मुंबईहून आलेली पत्रं, कीर्तनाच्या वह्या, मलिद्याच्या वेळी म्हटलेल्या गाण्यांच्या कॅसेटी, हे सगळं मुलं-नातवंडं कॉम्प्युटरवर चढवू लागली आहेत. त्यामुळे मला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. घरच्या कॉम्प्युटरला दोन हार्ड डिस्क लावून एकीवर जे ठेवू ते दुसरीवर आपोआप उतरावं, याची भरवशाची पद्धत कोणती? याला मिरर म्हणतात, म्हणजे आरसा.

मी इंजिनिअर नाही, निवृत्त नर्स आहे. पण आमच्या घरचा संग्रह बरीच वर्षं मीच सांभाळते आहे आणि या विषयावर माझं मत पक्कं झालं आहे. ते आधीच सांगते. मिरर चांगला आहे, पण तो तिसरी डिस्क घेतल्यावर करायचा. दोनच डिस्क घेण्याइतके पैसे असतील तर मिरर करू नका. एक कॉम्प्युटरमध्ये ठेवा आणि दुसरीवर नक्कल करून ती वेगळी, शक्य तर दुसऱ्या गावी ठेवा.

असं का म्हणते ते समजायला मिरर करतो काय ते पाहू. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. स्वस्त डिस्क एकत्र जोडून मोठ्या महागड्या डिस्कचं काम करून घ्यावं, हा त्यातला विचार. त्या रचनेला त्यांनी ‘रेड’ हे नाव दिलं आणि आरशाच्या पद्धतीला ‘रेड १’ म्हणतात. तुम्ही एक फोटो जतन केला की तो त्याच क्षणी दोन्ही डिस्कवर लिहिला जातो. एक डिस्क बंद पडली तर दुसरीवर काम तसंच चालू राहतं. बँक, रुग्णालय, जिथे एक तासही काम थांबून चालत नाही, तिथे हे हवंच.

पण आरशाला बरं-वाईट कळत नाही. नातवाने चुकून एक फोल्डर पुसला, तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. विजेचा झटका बसला, घरात पाणी शिरलं, चोराने कॉम्प्युटर उचलून नेला, तर दोन्ही डिस्क एकदम जातात, कारण त्या एकाच डब्यात असतात.

ही गोष्ट आपल्या लोकांना तरी वेगळी समजावून सांगायला नको. आपली परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि ग्रंथ मात्र समुद्रात गेले. त्यानंतर कित्येक पिढ्या आपल्याजवळ राहिलं ते शेमा आणि तोंडी चालत आलेले रिवाज. त्या जहाजात ग्रंथांच्या एकाऐवजी दोन पेट्या असत्या तर काय फरक पडला असता? काहीच नाही. मिरर म्हणजे एका जहाजातल्या दोन पेट्या.

याउलट जे टिकलं ते विखुरल्यामुळे टिकलं. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला, पण तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं तो हस्तलिखितात होता. छापल्यावर तो अनेक ग्रंथालयांत आणि घरांत गेला आणि मगच निर्धास्त झाला. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगदांचंही तसंच. त्या आज पाहायला मिळतात, कारण त्यांच्या प्रती एका कपाटात नव्हत्या.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे. "वेगळ्या डिस्कवर नक्कल करायची आठवण राहत नाही. मिरर आपोआप होतो." बरोबर आहे. पण रुग्णालयातला ऑक्सिजन आठवा. नळीतून येणाऱ्या ऑक्सिजनच्या मुळाशी सिलिंडरांचे दोन गट असतात. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. हा मिरर झाला. तरीही वॉर्डात एक सुटा सिलिंडर ठेवलेलाच असतो, कारण नळीच निकामी झाली तर दोन्ही गट भरलेले असून उपयोग नाही. आणि तो सिलिंडर भरलेला आहे का, हे ड्यूटीवर येणाऱ्या नर्सला बघावंच लागतं. ते काम आपोआप होत नाही म्हणून कुणी सिलिंडर काढून टाकत नाही.

आठवणीसाठी आपल्याकडे कॅलेंडर आहेच. दर रोश होदेशला सुटी डिस्क लावायची, नवीन फायली उतरवायच्या आणि काढून ठेवायची. पेसाह आणि रोश हशाना या दोन सणांना नातेवाईक भेटतातच, तेव्हा दुसऱ्या गावची डिस्क बदलून घ्यायची. आमच्याकडे हेच चालतं.

आता ज्यांच्याकडे तिसरी डिस्क आहे त्यांनी मिरर कोणता करावा? घरच्या कॉम्प्युटरसाठी मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला, कॉम्प्युटरच्या मदरबोर्डमध्येच दिलेली रेडची सोय. दुसरा, दुकानात मिळणारा दोन डिस्कचा तयार डबा. तिसरा, ऑपरेटिंग सिस्टीममधला मिरर. विंडोजमध्ये विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘स्टोरेज स्पेसेस’ आहे, त्यात ‘टू-वे मिरर’ निवडायचा. मॅकमध्ये ‘डिस्क युटिलिटी’त ‘रेड असिस्टंट’ आहे. लिनक्समध्ये ‘एमडीएडीएम’ आहे.

निवड करताना मी एकच प्रश्न विचारते. उद्या हा कॉम्प्युटर किंवा हा डबा मेला, तर त्यातली डिस्क दुसऱ्या साध्या कॉम्प्युटरला लावून उघडेल का? मदरबोर्डवरच्या रेडमध्ये डिस्कवरची मांडणी त्या कंपनीच्या पद्धतीची असते, आणि बोर्ड गेला तर बऱ्याचदा तशाच जातीचा बोर्ड शोधावा लागतो. दहा वर्षांनी तो कुठून आणणार? स्वस्त डब्यांचंही अनेकदा असंच असतं. डिस्क धडधाकट, पण डब्याशिवाय ती बोलत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमने केलेला मिरर मात्र तीच सिस्टीम असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ओळखला जातो. म्हणून घरासाठी माझं मत तिसऱ्या मार्गाला आहे.

घरात कुणी जाणता तरुण असेल तर ‘झेडएफएस’ नावाची व्यवस्थाही आहे. ती प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या जपून ठेवते. साध्या मिररमध्ये दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर खरी कोणती हे त्याला ठरवता येत नाही. झेडएफएसला ते कळतं आणि बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीवरून दुरुस्त होते. पण घरात फक्त एकाच माणसाला येत असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. जे सांभाळायला दोघांना येतं तेच घरी टिकतं.

मिरर करणाऱ्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. एक, मिरर उभारताना त्या डिस्क आधी पुसल्या जातात, म्हणून भरलेली डिस्क लावण्यापूर्वी तिची नक्कल दुसरीकडे असलीच पाहिजे. दोन, दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेऊ नका. एकाच वेळी बनलेल्या डिस्क थोड्या अंतराने दगा देऊ शकतात. तीन, दुकानदाराला विचारा की डिस्क ‘एसएमआर’ जातीची आहे का. तिच्यात माहितीच्या रेघा कोकणातल्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. त्यामुळे मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली की मिरर पुन्हा भरायला फार वेळ लागू शकतो. ‘सीएमआर’ जातीची मागा. चार, महिन्यातून एकदा मिररची प्रकृती तपासा. एक डिस्क मेली तरी कॉम्प्युटर चालूच राहतो, आणि सूचना कुणी वाचली नाही तर दुसरी मरेपर्यंत घरात कुणाला पत्ता नसतो.

"पण क्लाउड आहे ना?" असंही विचारतात. क्लाउड ही दुसऱ्या गावची प्रत म्हणून जरूर ठेवा, पण तिच्यावरच विसंबू नका. कॉम्प्युटरशी जोडलेलं क्लाउडचं फोल्डर हाही आरसाच असतो. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं आणि कचरापेटीतून परत काढायला थोडेच दिवस मिळतात. शिवाय खातं एका माणसाचं असतं. गूगलने दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू केलं आहे. आजोबा गेले आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, तर दोन वर्षांनी काय होईल याचा विचार आजच करा.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या किती कपाटांचा लगदा झाला हे आपल्यातल्या अनेकांनी नातेवाइकांकडून ऐकलं आहे. जून २०२५ मध्ये इथे बात यामला राहत्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं. अशा वेळी माणसं जिवानिशी वाचली तर पुष्कळ. कॉम्प्युटर घेऊन कुणी ममादमध्ये धावत नाही, आणि धावूही नये. म्हणूनच प्रत आधीच दुसऱ्या घरी असायला हवी. दिमोनात राहत असाल तर अश्दोदच्या बहिणीकडे ठेवा, लोदला असाल तर लंडनच्या मुलाकडे.

बाजारातून नवी डिस्क केव्हाही आणता येईल. पण १९५० च्या सुमारास बंदरावर काढलेल्या एखाद्या फोटोत डावीकडून तिसरी बाई कोण, हे सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांनी सांगितलेलं आपण एकदाच ऐकून लिहून घेतलं. ती फाईल गेली तर पुन्हा विचारायला कुणाकडे जाणार? आणि नातवंडांना मराठी वाचता येत नाही, तेव्हा नावं मराठीबरोबर हिब्रूतही लिहून ठेवा.

येत्या रोश होदेशला एवढं करा. तुमची सुटी डिस्क दुसऱ्याच कुणाच्या कॉम्प्युटरला लावा आणि कुठलेही तीन फोटो आणि एक ध्वनिफीत उघडून पाहा. उघडली तर तुमच्याकडे प्रत आहे. नाही उघडली, किंवा अशी डिस्कच घरात नाही, तर मिरर कोणता घ्यावा हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी ती डिस्क आणा.