‘सगळ्या बीटलला बसतं’ म्हणे!

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. मराठी आमच्याकडे थर्ड लँग्वेज, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाच्या माथी. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण ज्याच्याशी यावरून मी दोन महिने फोनवर भांडले तो माझा मामा फक्त मराठीतच भांडतो.

मामा मिशिगनला असतो. तिथे त्याने एक जुनी फोक्सवॅगन बीटल घेतली. कागदावर साल १९६६. हिवाळा आला आणि हीटरचं रामायण सुरू झालं. आमच्या हॉस्टेलवर हे सांगितलं की पहिला डायलॉग ठरलेला, ‘‘एवढ्या जुन्या गाडीला हीटर कशाला? स्वेटर घाल म्हणावं!’’ आपल्या हवेत ठीक आहे हो. तिकडे जानेवारीत श्वासाची वाफ काचेवर आतूनच गोठते, आणि ती काच साफ करायला बीटलमध्ये हीटरचीच हवा असते. हीटर नाही म्हणजे रस्ता दिसत नाही, इतकं साधं आहे.

आता मेकॅनिकलवाल्यांनी जरा लक्ष द्या, बाकीच्यांनी सहन करा. बीटलचं इंजिन हवेवर थंड होतं. रेडिएटर नाही, कूलंट नाही. मग उष्णता आणायची कुठून? तर सायलेन्सरकडे जाणाऱ्या एक्झॉस्ट पाइपाभोवती पत्र्याची पेटी असते. इंजिनचा पंखा त्या पेटीत ताजी हवा ढकलतो, ती तापते आणि दारांच्या उंबरठ्याखालच्या पोकळ नळ्यांतून पुढे येते. ही पेटी म्हणजेच हीट एक्स्चेंजर. डावीकडे एक, उजवीकडे एक. ही व्यवस्था १९६३ च्या मॉडेलपासूनची. त्याआधी सिलिंडरवरून फिरून आलेलीच हवा आत यायची, तेलाच्या वासासकट.

थोडक्यात, आत बसलेल्याचं नाक आणि इंजिनचा धूर यांच्या मध्ये एका पाइपाची जाडी असते. तो पाइप गंजला की संपलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या आपण वाचतोच, तोच हा वायू.

मामाची मुलगी सहा वर्षांची. मागच्या सीटवर बसली की तिचं डोकं दुखायचं, मळमळायचं. सगळे म्हणाले, हिला गाडी लागते. मामीने आलेपाकाच्या वड्या दिल्या. मला हे बोलता बोलता कळलं आणि खरं सांगते, पोटात गोळा आला. मी म्हटलं, ‘‘मामा, तो घरात लावतात ना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, तो गाडीत ठेवून बघ.’’ हीटर सुरू केल्यावर थोड्या वेळातच तो बोंबलायला लागला. पेट्या काढल्या तर बाहेरचा पत्रा काळ्या रंगाने चकाचक आणि आतला पाइप चाळणी.

इथून माझं खरं म्हणणं सुरू होतं. मामाने एका पार्टवाल्याकडून नवी जोडी मागवली. त्याने विचारलं काय? इंजिन किती सीसी? मामा म्हणाला १६००. ‘‘मग बसेल, सगळ्यांना बसतं.’’ आली जोडी. इंजिनच्या बोल्टांवर बसलीसुद्धा! पण पुढच्या बाजूला गरम हवेचं तोंड एकीकडे आणि गाडीची नळी दुसरीकडे. मामाचा मेकॅनिक म्हणाला, कापू, वेल्डिंग मारू, क्लॅम्प लावू. मामाही तयार. आपल्याकडे याला कौतुकाने जुगाड म्हणतात. माझा जुगाडाला विरोध नाही, हॉस्टेलवर माझी इस्त्री जुगाडावरच चालते. पण जिथे चूक झाली तर वास येत नाही, आवाज येत नाही, नुसती झोप येते, तिथे जुगाड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भांडण झालं ते यावरून.

मग रात्री (आमची रात्र, त्याची दुपार) फोटोंवर फोटो. मागच्या सीटखाली मधल्या उंचवट्यावर चॅसी नंबर असतो. तो निघाला ११७ पासून सुरू होणारा. तिसरा आकडा मॉडेलचं वर्ष सांगतो, म्हणजे गाडी १९६७ चं मॉडेल. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं, त्यामुळे १९६६ च्या शेवटी बनलेली गाडी कागदावर ६६ ची. मग इंजिनचा नंबर, डायनामोच्या स्टँडखाली. अमेरिकेतल्या १९६७ च्या बीटलला १५०० सीसीचं, ‘एच’ अक्षराचं इंजिन हवं. इथे होतं ‘बी’, म्हणजे १६००. कुणीतरी कधीतरी बसमधलं इंजिन काढून बीटलमध्ये टाकलेलं असणार. आणि आलेल्या जोडीच्या पार्ट नंबरची सुरुवात २११ ने. २११ म्हणजे फोक्सवॅगनची बस! पार्टवाल्याने इंजिन ओळखलं, पण गाडी कोणती हे विचारलंच नाही. हीटर मात्र दोघांमध्ये लटकलेला असतो, त्याला इंजिनही जुळायला हवं आणि बॉडीही.

हे नंबर वाचायला मजा येते हो. पहिले तीन आकडे घराणं सांगतात, बीटलचं १११ किंवा ११३. मधल्या तिनांची सुरुवात २ ने झाली की एक्झॉस्ट आणि हीटरचं खातं. शेवटचा आकडा विषम तर डावा, सम तर उजवा. पण यातही गोम आहे. पार्ट ज्या गाडीसाठी आधी बनला तिचा नंबर तो जन्मभर मिरवतो, मग पुढे दुसऱ्या गाडीत बसला तरी. म्हणून नंबर वाचून थांबायचं नाही, त्या वर्षाचं पार्ट कॅटलॉग उघडायचं.

हीट एक्स्चेंजरवर मी थर्मोच्या पेपरात दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय. एलएमटीडीचा फॉर्म्युला झोपेतही येतो. पण पार्ट नंबर कसा वाचायचा हे तीन वर्षांत एकाही प्रॅक्टिकलला आलं नाही. सरांनी रागावू नये, पण वर्कशॉपमध्ये चौथ्यांदा तोच डोव्हटेल जॉइंट घासण्यापेक्षा भंगारातला एखादा पार्ट समोर ठेवून ‘हा कोणाचा, ओळखा’ असं विचारलं तर काय बिघडेल?

कुणी म्हणेल, पेट्या काढून नुसते पाइप लावा, कटकटच नको. गरम प्रदेशात लोक लावतात. पण मग पंख्याच्या आवरणावरची ती दोन तोंडं बंद करावी लागतात, नाहीतर सिलिंडरच्या वाटणीची हवा तिथूनच पळते आणि इंजिन तापतं.

शेवटी मामाने जुनी पण मूळ जर्मन जोडी शोधली. मी सांगितलं, आधी वजन कर. मूळ पेटीत पाइपाभोवती अ‍ॅल्युमिनियमचे पंख असतात, स्वस्तातल्या नकलेत ते कमी किंवा नसतातच. मग पाइपाचं एक टोक बंद करून दुसरीकडून हवा भरायला लावली आणि गरम हवेच्या तोंडाशी हात धरायला. काही लागलं नाही. बसवली. अलार्म अजून गाडीतच आहे, गप्प.

२११ वाली जोडी पार्टवाल्याने परत घेतली नाही. ती ओहायोमधल्या एका बसवाल्याने नेली. त्याला म्हणे पहिल्या झटक्यात बसली.