ज्वारी कोणत्या चौकटीत?

'खालील पिकांचे खरीप व रबी असे दोन गट पाडा' हा प्रश्न आपल्या शाळांत फार जुना आहे. पूर्वी तो फळ्यावर लिहिला जाई. हल्ली तो ऑनलाइन प्रश्नमंजूषेतही येतो. पडद्यावर दोन चौकटी असतात, खाली पिकांच्या नावांच्या चिठ्ठ्या असतात, आणि विद्यार्थ्याने एकेक चिठ्ठी बोटाने ओढून योग्य त्या चौकटीत सोडावयाची असते. या रीतीने मुलांस अभ्यासाची गोडी लागते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु असा प्रश्न रचणे दिसते तितके सोपे नव्हे.

असाच एक तयार प्रश्न नुकताच आमच्या पाहण्यात आला. त्यात ज्वारी खरिपाच्या चौकटीत टाकली तरच गुण मिळत. आता जेऊरच्या मुलाने काय करावे? त्याच्या घरची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते व फेब्रुवारी-मार्चमध्ये काढली जाते. आपला सोलापूर जिल्हा रबी ज्वारीचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मुलगा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले उत्तर देतो, आणि पडद्यावर तांबडी फुली उमटते. अन्यत्र ज्वारी खरिपातही होते, हे खरे. म्हणूनच दोष मुलाचा नव्हे, 'कोठली ज्वारी?' हे न सांगणाऱ्या प्रश्नकर्त्याचा आहे. त्या फुलीने एक गुण गेला तर फारसे बिघडत नाही. परंतु बापाच्या शेतापेक्षा पडदा खरा, असे मुलाच्या मनाने घेतले तर शिक्षणाचे मूळच तुटले.

यास्तव प्रश्न रचणाऱ्याने प्रथम वर्गीकरणाची कसोटी स्पष्ट शब्दांत लिहावी: 'सोलापूर जिल्ह्यात ही पिके मुख्यतः कोणत्या हंगामात घेतात?' दुसरे असे की, प्रत्येक चिठ्ठीस हक्काची जागा असावी. उजनीच्या पाण्यावर वाढणारा ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो; त्यास खरीप किंवा रबीत कोंबणे अन्यायाचे होय. त्याच्यासाठी तिसरी चौकट हवी. तिसरे, प्रत्येक चौकटीत सारख्याच चिठ्ठ्या ठेवू नयेत. नाहीतर शेवटची चिठ्ठी विचाराशिवाय आपोआप जागेवर पडते. शिवाय चौकटी दोनच असल्या, तर डोळे मिटून टाकलेल्याही सरासरीने निम्म्या चिठ्ठ्या बरोबर पडतात, हे विसरू नये. चौथे, चूक झाल्यास नुसती फुली न दाखवता कारण सांगावे. आणि ज्यांस बोटाने ओढणे जमत नाही, अशा मुलांसाठी नुसते निवडून उत्तर देण्याची सोय अवश्य ठेवावी.

शिक्षकांस इतका वेळ कोठून मिळणार, असे कोणी विचारील. वेळ थोडा आहे, हे आम्ही जाणतो. परंतु चिठ्ठ्या सरकविण्याचे काम यंत्र करिते. आपल्याकडे उरतो तो केवळ विचार, आणि तो उसना आणता येत नाही. आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकविताना श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची जोड दिली व २०२० साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. खेड्यातील शिक्षकाने दुसऱ्याचे तयार साहित्यच वापरावे, असा नियम नाही, हे यावरून उघड होते.

आमची एक सूचना आहे. हे प्रश्न विद्यार्थ्यांकडूनच रचवून घ्यावेत. कोणती चिठ्ठी कोठे आणि का, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. घरी वडीलधाऱ्यांस विचारून यावयास सांगावे. ज्या चिठ्ठीपाशी वर्ग अडेल, तीच खरी शिकविणारी चिठ्ठी समजावी. बोटाने ओढण्यापूर्वी मनाने तोलावयास शिकविणे, हेच या नव्या साधनाचे सार्थक होय, असे आमचे नम्र मत आहे.